शाळा उघडते, पण मुले परततात का?

२०२५च्या फेब्रुवारीत दक्षिण सुदानची राजधानी जुबा इथे शाळकरी मुले उन्हाने चक्कर येऊन पडू लागली. शैक्षणिक वर्षाची नुकतीच सुरुवात होती. शहरात रोज सरासरी १२ विद्यार्थी कोसळत आहेत, असे तिथल्या शिक्षण उपमंत्र्यांनीच जाहीर केले आणि देशभरातल्या शाळा दोन आठवड्यांसाठी बंद झाल्या. पारा ४२ अंशांपर्यंत गेला होता. नागपूर-चंद्रपूरच्या माणसाला हा आकडा नवा नाही. पण तिथल्या अनेक वर्गखोल्या नुसत्या पत्र्याच्या आहेत. वीज नाही, त्यामुळे पंख्याचा प्रश्नच येत नाही. दुपारच्या वेळी अशा खोलीत दाटीवाटीने बसलेल्या मुलांनी काय शिकावे आणि शिक्षकाने काय शिकवावे? आदल्या वर्षी, २०२४च्या मार्चमध्येही याच कारणाने शाळांना कुलूप लागले होते.

दोन आठवड्यांची सुट्टी तशी फार नव्हे. आपल्याकडेही मार्चपासून सकाळची शाळा भरते, कडाका वाढला की उन्हाळी सुट्टी लवकर लागते. २०२३च्या एप्रिलमध्ये महाराष्ट्राने तसे केलेही होते. पण जुबाच्या मुलांची ही पहिली सुट्टी नव्हती. त्यांच्या देशात शाळा सलग चालणे हीच दुर्मीळ गोष्ट आहे.

दक्षिण सुदान २०११च्या जुलैत स्वतंत्र झाला आणि २०१३च्या डिसेंबरात यादवीत सापडला. तीन वर्षांत देशातल्या दर तीन शाळांपैकी किमान एक शाळा मोडलेली, जळालेली, सैन्याने बळकावलेली किंवा बंद पडलेली होती, असे युनिसेफने २०१६मध्ये नोंदवले. हजारो मुलगे वेगवेगळ्या सशस्त्र गटांत ओढले गेले. २०१५मध्ये एकट्या पिबोर भागात एका गटाने सोडलेल्या मुलांची संख्या १,७५५ होती. २०१८मध्ये शांतता करार झाला. मुले वर्गात परतू लागतील असे वाटत होते, तोच २०१९पासून पूर सुरू झाले आणि एकापाठोपाठ एक चार वर्षे येत राहिले. युनिटी राज्यातले बेंटियू शहर चहूबाजूंनी पाण्यात गेले. मातीचे बंधारे घालून, ते रात्रंदिवस डागडुजीत ठेवून लोकांनी वस्ती तगवली. ज्या वाटेने मुले चालत शाळेत जायची, तिथून होड्या जाऊ लागल्या. शेती बुडाली, गुरे मेली, माणसे पाणकमळाचे कंद खाऊन राहिली. २०२३मध्ये शेजारच्या सुदानात युद्ध भडकले आणि दहा लाखांहून अधिक माणसे सीमा ओलांडून याच देशात आली. त्यांच्याबरोबर अर्थातच मुलेही आली.

२०१३ साली बेंटियूत जन्मलेल्या मुलाचा हिशेब मांडून पाहावा. बालपण युद्धात आणि संयुक्त राष्ट्रांच्या छावणीत गेले. शाळेत जायचे वय झाले तेव्हा पूर आला. पूर थोडा ओसरला तेव्हा वर्गात निर्वासितांची गर्दी झाली आणि त्यानंतर उन्हाने शाळा बंद पडली. यात कोणते संकट ‘हवामानाचे’ आणि कोणते ‘संघर्षाचे’, हे वेगळे काढता येत नाही, कारण ती एकमेकांत गुंतलेली आहेत. जोंगलेई भागातली कुरणे पाण्याखाली गेल्यावर गुराखी आपली जनावरे घेऊन दक्षिणेला मागवी परिसरात उतरले. तिथल्या शेतकऱ्यांच्या उभ्या पिकांत गुरे शिरली, त्यातून हाणामाऱ्या झाल्या, माणसे मारली गेली, गावे उठली. मूळ कारण पाणी होते, पण मुलांची शाळा सुटली ती गोळीबाराने. या देशात सुमारे २८ लाख मुले शाळाबाह्य असल्याचा युनिसेफचा अंदाज आहे. शाळेत जायच्या वयाच्या दर दहा मुलांमागे सात.

जगाचे चित्रही लहान नाही. २०२४ या एका वर्षात उष्णतेच्या लाटा, वादळे, पूर आणि दुष्काळ यांमुळे ८५ देशांतल्या किमान २४ कोटी २० लाख विद्यार्थ्यांच्या शिक्षणात खंड पडला, असे युनिसेफने मोजले आहे. त्यात सर्वाधिक वाटा उष्णतेचा होता आणि सर्वाधिक फटका दक्षिण आशियाला बसला. युद्धे, विस्थापन आणि हवामानाची संकटे एकत्र धरली तर मदतीची गरज असलेली शाळकरी वयाची मुले २३ कोटी ४० लाख भरतात आणि त्यांतली ८ कोटी ५० लाख शाळेच्या पूर्णपणे बाहेर आहेत, असा ‘एज्युकेशन कॅनॉट वेट’ या संयुक्त राष्ट्रांच्या निधीचा २०२५च्या सुरुवातीचा अंदाज आहे.

हे आकडे एक गोष्ट मात्र सांगत नाहीत. शाळा किती दिवस बंद राहिली ते मोजता येते. उघडल्यावर कोण आले, कोण आले नाही आणि जे आले त्यांचे पुढे काय झाले, हे क्वचितच मोजले जाते. खरे नुकसान तिथेच आहे.

याचा सर्वांत पक्का पुरावा पाकिस्तानातून आला आहे. ८ ऑक्टोबर २००५ रोजी मुझफ्फराबाद परिसरात भीषण भूकंप झाला. भूकंपाचा हवामानाशी संबंध नाही, पण आपत्तीनंतर मुलांचे काय होते हे समजून घ्यायला ही घटना उपयोगी पडते. ताहिर अंद्राबी, बेंजामिन डॅनियल्स आणि जिष्णू दास या अभ्यासकांनी चार वर्षांनी त्या भागातली घरे आणि मुले तपासली. मदत भरपूर आली होती. घरे पुन्हा उभी राहिली होती, कुटुंबांची सांपत्तिक स्थिती सावरली होती, मुलांची हजेरीही पूर्ववत झाली होती. शाळा सरासरी १४ आठवडेच बंद होत्या. तरीही भूकंपाच्या भेगेजवळ राहणारी मुले दूरच्या मुलांपेक्षा अभ्यासात दीड ते दोन इयत्ता मागे पडलेली आढळली.

सव्वातीन महिने बंद राहिलेल्या शाळेने दीड-दोन वर्षांचे शिक्षण कसे गमावले? अभ्यासकांनी दिलेले स्पष्टीकरण कोणाही शिक्षकाला पटेल असे आहे. शाळा उघडली तेव्हा शिक्षकाने इयत्तेचा ठरलेला धडा घेतला. मुलाच्या मागच्या इयत्तेतल्या पायऱ्या निसटल्या होत्या. मूल रोज येत होते, बसत होते, पण वर्ग पुढे जात राहिला आणि त्याचे अंतर दर वर्षी वाढत गेले. एका गटातल्या मुलांचे मात्र काहीच नुकसान झाले नाही. ज्यांच्या आईचे प्राथमिक शिक्षण पूर्ण झाले होते, ती मुले भेगेजवळ राहूनही इतरांच्या बरोबरीने शिकली. घरात कोणीतरी पाटी-पुस्तक घेऊन बसणारे होते, एवढाच फरक. मुलींच्या शिक्षणावर खर्च का करायचा, असे विचारणाऱ्यांना याहून चांगले उत्तर मिळणार नाही.

त्याच देशात २०२२च्या पावसाळ्यात महापूर आला. सुमारे २७ हजार शाळा मोडल्या किंवा खराब झाल्या, त्यांतल्या बहुतांश सिंध प्रांतातल्या. पाणी ओसरायला कित्येक ठिकाणी महिने लागले. वीस लाखांहून अधिक मुले त्या काळात शाळेला मुकली. ज्या इमारती कोरड्या राहिल्या, त्यांत पूरग्रस्त कुटुंबे राहायला आली.

हे मराठी वाचकाच्या चांगल्या परिचयाचे आहे. २०१९च्या ऑगस्टमध्ये कृष्णा-पंचगंगेच्या पुरात सांगली-कोल्हापूरकडची माणसे कुठे राहिली? शाळांत. गावात पक्की, उंचावरची, सर्वांची अशी इमारत बहुधा शाळेचीच असते, म्हणून निवारा तिथेच होतो. त्यात गैर काही नाही. माणसांना छप्पर मिळाले पाहिजे. अडचण पुढची आहे. आपल्याकडे पंधरा-वीस दिवसांत लोक घरी जातात. सुदानमध्ये १५ एप्रिल २०२३ला युद्ध पेटल्यावर लक्षावधी कुटुंबे शाळांमध्ये आसऱ्याला आली आणि महिनोन्‌महिने तिथेच राहिली, कारण परत जायला घरच उरले नव्हते. पोर्ट सुदानसारख्या शहरात शाळा सुरू करायची ठरली तेव्हा विस्थापितांना तिथून उठवावे लागले. एकाच्या मुलासाठी वर्ग मोकळा करायचा, तर दुसऱ्याच्या मुलाचे छप्पर काढून घ्यायचे. २०२४च्या डिसेंबरात सुदानने युद्ध सुरू झाल्यानंतरची पहिली शालान्त परीक्षा घेतली, ती प्रामुख्याने सैन्याच्या ताब्यातल्या भागात. बहुतांश विरोधी दलाच्या ताब्यात असलेल्या दारफूरमधल्या असंख्य मुलांना परीक्षेला बसताच आले नाही. वर्ष वाया गेले ते त्यांच्या कुटुंबाने कोणत्या बाजूच्या प्रदेशात आसरा घेतला, एवढ्यावरून.

शाळेची पक्की इमारत बंदूकधाऱ्यांनाही आवडते. सपाट गच्ची, कुंपण, पाण्याची सोय आणि दूरवर नजर. २००९मध्ये ‘ह्यूमन राइट्स वॉच’ने बिहार-झारखंडमधल्या परिस्थितीवर अहवाल काढला. माओवादी शाळेच्या इमारती स्फोटाने उडवत होते आणि सुरक्षा दले शाळांत तळ ठोकत होती. काही शाळांत अर्ध्या इमारतीत जवान आणि उरलेल्या अर्ध्या भागात वर्ग, अशी स्थिती होती. गच्चीवर वाळूच्या गोणी रचलेला मोर्चा, आवारात काटेरी तारा, स्वच्छतागृहे जवानांच्या वापरात. मुलींच्या पालकांनी मुलींना पाठवणे थांबवले. शाळा कागदावर ‘चालू’च होती.

गडचिरोलीच्या सीमेला लागून असलेल्या बस्तरमध्ये यापेक्षाही वाईट घडले. २००५मध्ये तिथे माओवाद्यांविरोधात सलवा जुडूम ही मोहीम सुरू झाली. गावे रिकामी करून माणसे रस्त्याकडेच्या छावण्यांत आणली गेली, काही जंगलात गेली, तर काही सीमा ओलांडून आंध्रात उतरली. आंध्रात गेलेल्या गोंड-कोया मुलांपुढे शाळेची भाषा तेलुगू झाली. घरची बोली वेगळी, पहिल्या शाळेची हिंदी वेगळी आणि आता ही तिसरी. शिवाय छत्तीसगडचा आदिवासी दाखला तिथे चालत नव्हता. मागे बस्तरमधल्या शेकडो शाळा बंद पडल्या. २०११मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सुरक्षा दलांना शाळा आणि वसतिगृहे रिकामी करायला सांगितले. त्याच सुमारास सरकारने बांबूच्या मोठ्या निवासी शाळा उभारल्या, तिथले लोक त्यांना ‘पोटाकेबिन’ म्हणतात. हजारो मुले त्यांत शिकली हे खरे, पण पहिली-दुसरीतल्या लेकरांना त्यासाठी आईबापांपासून दूर राहावे लागले. गावातली शाळा परत यायला दीड तप लागले. २०२२मध्ये अशा २६० शाळा पुन्हा सुरू झाल्या. कित्येक गावांत इमारतच नव्हती, म्हणून गावकऱ्यांनी बांबू आणि झावळ्यांची झोपडी उभारली आणि गावातलाच शिकलेला तरुण ‘शिक्षादूत’ म्हणून शिकवू लागला. अशा काही शिक्षादूतांची माओवाद्यांनी हत्या केली आहे. थोड्याशा मानधनावर आपल्या गावातल्या मुलांना मुळाक्षरे शिकवणाऱ्या पोरांनी यासाठी जीव गमावावा, हे संताप आणणारे आहे.

बस्तरमधल्या शाळा बंद पडू लागल्या तेव्हा जे मूल सहा वर्षांचे होते, त्याने आज पंचविशी ओलांडली आहे. शाळा आली, त्याचे शाळेचे वय गेले.

या सगळ्यात मुलींचा हिशेब वेगळा मांडावा लागतो. दक्षिण सुदानमध्ये मुलीच्या लग्नात वराकडून वधूच्या घरी गुरे येतात. पुरात गोठा रिकामा झाला की घरातल्या मुलीचे लग्न हा गुरे परत मिळवण्याचा मार्ग ठरतो. सिंधच्या दादू जिल्ह्यात २०२२च्या पुराने शेती बुडालेल्या गावांत पावसाळ्याच्या तोंडावर, पैसे घेऊन, तेरा-चौदा वर्षांच्या मुली उजवल्या जात असल्याचे पत्रकारांनी दाखवून दिले. या मुली शाळा ‘सोडत’ नाहीत. त्यांच्या घरावर आलेली आपत्ती त्यांच्या नावावर भरून काढली जाते.

आणि बीड? राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१च्या पाचव्या फेरीत बीड जिल्ह्यातल्या २० ते २४ वयाच्या विवाहित-अविवाहित सर्व मुलींपैकी ४० टक्क्यांहून अधिक जणींचे लग्न अठराच्या आत झालेले आढळले. राज्याचे प्रमाण २२ टक्क्यांच्या आसपास आहे. बीडमध्ये युद्ध नाही, पण दुष्काळ आहे आणि कोयता आहे.

ऊसतोडीच्या हिशेबात नवरा-बायको मिळून एक कोयता. मुकादम उचल देतो ती या जोडीवर. दसरा-दिवाळीच्या आगेमागे टोळ्या बीड, धाराशिव, परभणी, जालना, अहिल्यानगरच्या कोरडवाहू गावांतून निघतात. पश्चिम महाराष्ट्र आणि कर्नाटकातल्या उसाच्या फडांवर जातात आणि मार्च-एप्रिलमध्ये परततात. पाऊस दगा देतो त्या वर्षी खरीप हातचे जाते आणि एरवी गावात तग धरणारी घरेही उचल घेतात. दुष्काळाचा दुसरा फटका कमी बोलला जातो. त्या वर्षी ऊसही कमी असतो, हंगाम लवकर आटोपतो, उचल फिटत नाही आणि पुढच्या वर्षाचा कोयता आधीच बांधला जातो.

फडावरचा दिवस पहाटे चारला सुरू होतो. आईबाप अंधारात झोपडीवजा कोपीतून बाहेर पडतात. मागे राहते ती दहा-अकरा वर्षांची मुलगी. ती चूल पेटवते, भाकरी करते, हंडा घेऊन पाण्याला जाते, धाकट्याला कडेवर घेऊन फडात जेवण पोचवते. दुपारी वाढ्यांच्या पेंढ्या बांधायला हात लावते. मोळ्या गाडीत चढेपर्यंत रात्र होते. तिची शाळा गावाकडे आहे, पटावर नाव आहे आणि दुसरे सत्र सगळे कोरडे आहे. एप्रिलमध्ये ती परतते तेव्हा परीक्षा तोंडावर आलेली किंवा झालेली असते. ती वरच्या वर्गात ढकलली जाते. तीन-चार हंगाम असे गेले की सहावीच्या मुलीला दुसरीचे पुस्तक वाचता येत नाही. पाकिस्तानच्या भूकंपग्रस्त मुलांबाबत अभ्यासकांना चार वर्षांनी जे दिसले, ते बीडच्या जिल्हा परिषद शाळेतल्या गुरुजींना दर उन्हाळ्यात दिसते.

उपाय झाले नाहीत असे नाही. कारखान्यांच्या आवारात साखरशाळा चालल्या, शिक्षण हक्क कायदा आल्यावर त्या बहुतांश मागे पडल्या. मग आजी-आजोबांजवळ मुले ठेवून गावातच हंगामी वसतिगृहे चालवण्याची योजना आली. २०२१मध्ये राज्याने ऊसतोड कामगारांच्या मुला-मुलींसाठी संत भगवानबाबा शासकीय वसतिगृह योजना जाहीर केली. दुष्काळ जाहीर झाला की परीक्षा शुल्क माफ होते. २०१६मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दुष्काळी भागात उन्हाळी सुट्टीतही शाळेतले मध्यान्ह भोजन चालू ठेवायला सांगितले, हा तर फार शहाणा निर्णय होता. पण शुल्कमाफी परीक्षेपर्यंत पोचलेल्या मुलाला मिळते आणि खिचडी गावात असलेल्या मुलाला. फडावरचे मूल दोन्हींच्या बाहेर राहते. राज्याने ४ जुलै २०१५ रोजी एका दिवसात शाळाबाह्य मुलांचे सर्वेक्षण केले. जुलैत ऊसतोडीची मुले गावात असतात, वर्गात बसलेली असतात. नोव्हेंबर ते मार्च या काळातली त्यांची गैरहजेरी त्या दिवशी कोणाला कशी दिसणार?

बांगलादेशातल्या चलनबिल या पाणथळ प्रदेशात मोहम्मद रेझवान या वास्तुविशारदाने उलटा विचार केला. पावसाळ्यात मुले शाळेपर्यंत येऊ शकत नाहीत, तर शाळाच मुलांपर्यंत नेऊ. २००२मध्ये त्यांच्या ‘शिधुलाई स्वनिर्भर संस्थे’ने पहिली होडीतली शाळा सुरू केली. होडी घाटाघाटावर थांबून मुले गोळा करते, एका जागी नांगरून वर्ग भरवते आणि मुलांना परत सोडते. छतावरच्या सौरपट्ट्यांवर दिवे चालतात. तिथे पुराला अपघात न मानता ऋतू मानले गेले. दुष्काळ, स्थलांतर आणि उष्णता यांना आपण अजून अपवादच धरतो, म्हणून शाळेचे वेळापत्रक जूनपासून एप्रिलपर्यंत एकाच जागी राहणाऱ्या मुलासाठी बनते. दक्षिण सुदानमध्ये भर उन्हाळ्यात सुट्टी देऊन शाळेचे वर्ष पुढे ढकलावे, अशी मागणी २०२५मध्ये झाली. मराठवाड्यासाठीही स्थलांतराचा हंगाम धरून वार्षिक नियोजन करायला हरकत नसावी. परतलेल्या मुलांसाठी एप्रिल-मे-जूनमध्ये मागच्या इयत्तेपासूनचे वर्ग घेणे हा त्यातला सर्वांत तातडीचा भाग आहे.

हे सरकारने करायचे. पण ज्यांच्या शिवारात टोळी उतरते त्या पश्चिम महाराष्ट्रातल्या गावांच्या हातातही बरेच आहे. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम ४नुसार मुलाला वयानुरूप वर्गात प्रवेश मिळतो. शाळा सोडल्याचा दाखला यायला उशीर झाला किंवा जन्माचा पुरावा नसला, तरी प्रवेश नाकारता येत नाही. स्थलांतर करणाऱ्या मुलाला मूळ शाळेकडून शिक्षण हमी कार्ड मिळते, ते दाखवून कुठल्याही गावच्या शाळेत बसता येते. ऊसतोड मजूर, वीटभट्टीवरची आणि रस्त्याच्या कामावरची माणसे यांतल्या बहुतेकांना हे ठाऊक नसते. या दिवाळीनंतर आपल्या गावाबाहेर कोप्या उभ्या राहिल्या, तर तिथे जाऊन मुलांची वये आणि नावे लिहून घ्या, मुख्याध्यापकांना नेऊन द्या आणि आठवड्याने पुन्हा विचारा की त्यांतली किती मुले वर्गात बसली.